हाताला कळले ते वहीला कळावे

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्या कामाने सर्वांत अधिक शिकविले, असे मला कोणी विचारले तर मी कर्जवाटपाचे किंवा वसुलीचे नाव घेणार नाही. गोदाम तपासणीचे घेईन. व्यापारी दरमहा आपल्या मालाचे पत्रक बँकेला देतो. पोती इतकी, दर इतका, किंमत इतकी. अधिकारी ते पत्रक घेऊन गोदामात जातो, थप्प्या मोजतो, मधल्या एखाद्या पोत्यात टोकदार नळी खुपसून दाणे तळहातावर घेतो, ओल पाहतो, वास घेतो आणि शाखेत परतून अहवाल लिहितो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझा असा एक अहवाल वरिष्ठांनी परत केला. मी लिहिले होते, "माल समाधानकारक." वरिष्ठ म्हणाले, "हे तुमचे समाधान झाले. माल कुठे आहे? कोणत्या थप्पीतले पोते उघडले, दाणा हाताला कसा लागला, मागच्या महिन्याशी ताडून काय फरक दिसला, ते लिहा. उद्या तुमची बदली होईल. तुमच्या जागी येणाऱ्याला तुमचे समाधान नको, तुमचे निरीक्षण हवे."

हा धडा पुढे आयुष्यभर पुरला. परंतु तो मनुष्याच्या शरीरालाही तितकाच लागू पडतो, हे मला निवृत्तीनंतर, आमच्या थोरल्या बंधूंच्या आजारपणात कळले. आजच्या लेखाचा विषय वाचकांना प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल : मालिश करणाऱ्याने आपल्या हाताला जे जाणवले ते लिहून ठेवावे की नाही, आणि ठेवावयाचे तर कसे. विषय किरकोळ नाही, एवढे लेखाच्या शेवटी पटावे अशी अपेक्षा आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही सर्व जण 'भाऊ' म्हणतो, त्यांचे जुन्नरच्या पेठेत किराणा-भुसाराचे दुकान. पंचेचाळीस वर्षे गादीवर बैठक. सकाळी आठला मांडी घातली की दुपारच्या जेवणापर्यंत उठणे नाही. आपल्या समाजातील बहुतेक व्यापारी कुटुंबांत अशी एक तरी कंबर असतेच. भाऊंची कंबर साठीनंतर फारच दुखू लागली, तेव्हा पुतण्याने त्यांना आपल्या शहरातील एका झकपक मालिश केंद्रात नेले. दहा बैठका झाल्या. त्या-त्या दिवशी बरे वाटे, हे भाऊ प्रामाणिकपणे सांगतात. पुढे दुखणे पुन्हा उलटले तेव्हा अस्थितज्ज्ञांनी साधा प्रश्न विचारला, "त्या वेळी नेमके कुठे दुखत होते? कोणत्या बाजूचे स्नायू ताठ होते? दहा बैठकांत काय बदलले?" भाऊंना आठवेना. पुतण्याने केंद्राकडे विचारणा केली, तेव्हा दहा पावत्यांच्या प्रती हाती आल्या. प्रत्येकीवर रक्कम अचूक, कर अचूक, तारीख अचूक. शरीराविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. दहा तास एका माणसाचे हात दुसऱ्या माणसाच्या पाठीवर फिरले आणि त्यातून उरल्या त्या केवळ पावत्या.

त्यानंतर भाऊ गावी परतले आणि नारायणगावहून येणाऱ्या एका मालिश करणाऱ्या गृहस्थांचे नाव कोणी सुचविले. वय पन्नाशीचे. काही वर्षे निसर्गोपचाराच्या ठिकाणी काम करून शिकलेले. ते डॉक्टर नाहीत आणि तसे म्हणवूनही घेत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी तेलाची बाटली बाहेर काढण्यापूर्वी अर्धा तास नुसते विचारण्यात व चाचपण्यात घालविला. मी शेजारी बसलो होतो आणि मनात म्हणत होतो की, हा वेळ वाया चालला आहे. मग त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची जाड वही काढली, भाऊंच्या नावाचे नवे पान उघडले आणि लिहावयास बसले. बँकेची सवय, परवानगी घेऊन मी ते पान वाचले. त्यातील मजकूर साधारण असा होता :

"सांगणे – सकाळी उठताना कंबर धरते. डावीकडे उसण भरल्यासारखी. पायात मुंग्या नाहीत.

हाताला लागले – कंबरेच्या मणक्याच्या डावीकडचे स्नायू उजवीपेक्षा ताठ. डाव्या खुब्याच्या हाडाच्या कडेवर दोन बोटे, दाबल्यास दुखते, दहापैकी सहा. पुढे वाकल्यास बोटे गुडघ्यापर्यंत. पोटऱ्या दोन्ही मऊ, ऊब सारखी. गुडघ्याखाली दहा सें.मी. वर घेर डावा ३५, उजवा ३५.

केले – कंबर व मांडीची मागील बाजू, तीळतेल, मध्यम दाब, तीस मिनिटे.

नंतर – त्याच जागी दहापैकी तीन. बोटे नडगीच्या मध्यापर्यंत.

पुढे – चार दिवसांनी. तासाला एकदा गादीवरून उठणे."

दुखणे कंबरेचे, मग पोटऱ्यांचा घेर कशाला मोजलात, असे मी विचारले. ते म्हणाले, "शेठ दिवसभर बसून असतात. वय झालेले आहे. बसून असणाऱ्याच्या पोटऱ्या मी पहिल्या दिवशीच मोजून ठेवतो. पुढे कधी गरज पडली तर ताडायला असावे." मला गोदामातील माझे वरिष्ठ आठवले.

ती गरज महिन्याभरातच पडली. भाऊ एका लग्नासाठी बसने इंदूरला जाऊन आले. जाताना रात्रभर बैठक, येताना पुन्हा रात्रभर बैठक. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाले, "प्रवासाने पाय भरून आलेत, आज पायच जरा चांगले रगडून द्या." त्या गृहस्थांनी दोन्ही पोटऱ्यांना हाताची पालथी बाजू लावून पाहिली. मोजपट्टी काढली, मोजले. मग तेलाची बाटली पिशवीत ठेवून दिली आणि म्हणाले, "शेठ, आज पायाला हात लावणार नाही. आजच्या आज डॉक्टरांकडे जायचे आहे." त्यांनी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या : डावी पोटरी उजवीपेक्षा गरम व घट्ट, घेर डावा ३९, उजवा ३५, महिन्यापूर्वी दोन्ही ३५, नुकताच लांबचा बसप्रवास, मालिश केलेले नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करविली. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली आणि यथावकाश भाऊ बरे झाले. डॉक्टरांनी आम्हाला समजाविले की अशी पोटरी रगडली तर गुठळी सुटून रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते आणि ते जिवावर बेतते. दोन पोटऱ्यांच्या घेरात तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक, ही अशा संशयाची एक मान्य खूण आहे. घेर सारखा असला म्हणजे गुठळी नाहीच, असा मात्र याचा अर्थ नव्हे; म्हणून ऊब, घट्टपणा, दुखणे, अलीकडचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा अंथरुणाला खिळणे, हे सर्व मिळून पाहावे लागते. निघताना डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले, ते मला विशेष वाटले. "या चिठ्ठीतला आजचा आकडा मी स्वतःही मोजू शकलो असतो. महिन्यापूर्वीचा आकडा मला कुठून मिळाला असता?"

वाचकहो, नोंदीचे मोल या एका प्रश्नात आले. कित्येकांचा एक पाय जन्मतःच किंवा जुन्या दुखापतीने किंचित जाड असतो. आजचा फरक जुना की नवा, हे आजच्या तपासणीवरून पुरतेपणी ठरत नाही. ते मागील पान सांगते. आपल्या वहीखात्याच्या भाषेत सांगावयाचे तर, आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर अखेरच्या शिलकेला अर्थ राहत नाही.

स्पर्शाने परीक्षण करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आयुर्वेदाने रोगी पाहण्याचे तीन मार्ग सांगितले : पाहणे, स्पर्श करणे आणि प्रश्न विचारणे. नंतरच्या अष्टविध परीक्षेतही नाडी आणि स्पर्श ही दोन्ही परीक्षणे हातानेच करावयाची. आपल्याच जिल्ह्यात, उरुळीकांचन येथे, १९४६ च्या मार्च महिन्यात गांधीजींनी राहून गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले आणि पुढे मणिभाई देसाईंनी तेथील आश्रमाचे काम आयुष्यभर चालविले. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहतांचे निसर्गोपचार केंद्र होते. आज तेथे 'बापू भवन' या वास्तूत राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान आहे. माती, पाणी, ऊन आणि आहार यांच्या जोडीला मालिश हे या पद्धतीचे एक अंग आहे. तेव्हा हाताचे ज्ञान आपल्या भागात परंपरेने आहेच. प्रश्न आहे तो ते ज्ञान हातातून कागदावर आणण्याचा.

हे आणणे सोपे नाही, कारण स्पर्श हा ज्याचा त्याला कळतो. डोळ्यांनी पाहिलेले दुसऱ्याला दाखविता येते. बोटाला लागलेले दाखविता येत नाही. म्हणून वैद्यकाने त्यासाठी मापे शोधली. स्नायूंची ताकद हाताने अजमावून तिला शून्य ते पाच असे अंक देण्याची रीत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंच्या तपासणीसाठी प्रसिद्ध केली. स्नायू मुळीच आकसत नसेल तर शून्य. नुसती थरथर जाणवली तर एक. वजन पेलावे न लागता अवयव हलला तर दोन. स्वतःचे वजन पेलून उचलला गेला तर तीन. तपासणाऱ्याच्या हाताचा विरोधही काहीसा सोसला तर चार. आणि पूर्ण ताकद असेल तर पाच. १९५३ च्या सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय सुरू झाले, आणि आज गावोगावचे फिजिओथेरपिस्ट हेच अंक लिहितात. या अंकांची खुबी अशी की मुंबईत तपासणाऱ्याने 'तीन' लिहिले तर मंचरला तपासणाऱ्याला त्याचा अर्थ पत्र न लिहिता कळतो.

नोंदीची मांडणी कशी असावी, हेही वैद्यकाने ठरविले आहे. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात रुग्णनोंदीचे चार भाग पाडले : रुग्णाने काय सांगितले, तपासणाऱ्याला काय आढळले, त्यावरून तपासणाऱ्याने काय अनुमान केले आणि पुढे काय करावयाचे. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट आणि अनेक देशांतील मालिश-व्यावसायिक ही मांडणी वापरतात. माझ्यासारख्या बँकवाल्याला यात काही अपरिचित नाही. ऋणकोचे निवेदन, अधिकाऱ्याची प्रत्यक्ष पाहणी, त्यावरचा अभिप्राय आणि मंजुरीच्या अटी, हे चार परिच्छेद आम्ही आयुष्यभर वेगवेगळे लिहिले. ते एकमेकांत मिसळले की घोटाळा झालाच म्हणून समजावे.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन या वृत्तपत्र-मालकाने १९१५ मध्ये लंडनला सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. ते स्वतःही दृष्टिहीन झाले होते. त्यांच्या संस्थेतील काही सैनिक मालिशची विद्या शिकून व्यवसायास लागले. ज्यांचे हात हेच डोळे, त्यांना आणखी काय शिकवावे? परंतु संस्थेत ब्रेल लिपी आणि टंकलेखनही शिकविले जाई. हाताने वाचणाऱ्यालाही लिहिता आले पाहिजे, ही दृष्टी मला मोलाची वाटते.

आता प्रत्यक्ष नोंद कशी असावी, ते थोडक्यात सांगतो. त्या नारायणगावच्या गृहस्थांशी झालेल्या बोलण्यातून आणि आमच्या डॉक्टरांना विचारून हे मुद्दे जमविले आहेत.

पहिला मुद्दा जागेचा. 'पाठ दुखते' हे पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखे आहे. डावी की उजवी; कोणत्या हाडापासून किती बोटे वर किंवा खाली; मणक्यापासून किती दूर, हे लिहावे. शरीराची पुढची व मागची अशी दोन साधी रेखाचित्रे पानावर छापून घेतली तर त्यावर खूण करता येते आणि लिहिण्याचे श्रम वाचतात.

दुसरा मुद्दा गुणाचा. हाताला नेमके काय लागले? ऊब, गारवा, घाम, कोरडेपणा. स्नायू मऊ, ताठ, दोरीसारखा की त्यात गाठ. सूज असल्यास अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडतो का आणि तो किती वेळाने भरतो. प्रत्येक बाबतीत दुसऱ्या बाजूशी तुलना करावी. एकट्या उजव्या खांद्याविषयी 'ताठ' हा शब्द फारसे काही सांगत नाही. 'डाव्यापेक्षा ताठ' हे शब्द पुष्कळ सांगतात.

तिसरा मुद्दा प्रमाणाचा. दुखणे शून्य ते दहा, घेर मोजपट्टीने, मान कुठवर वळते, हात कुठवर वर जातो, हे डोळ्याला दिसेल अशा खुणेने. आणि हे सर्व मालिशपूर्वी एकदा, मालिशनंतर एकदा. त्याशिवाय गुण आला की नाही हे कसे ठरवावे?

चौथा मुद्दा भाषेचा. आपल्या भागात लोक म्हणतात, नस चढली, शीर दबली, उसण भरली, लचक भरली, पायात गोळा आला. हे शब्द दुखणेकऱ्याचे आहेत आणि ते 'सांगणे' या सदराखाली जसेच्या तसे लिहावेत, कारण त्याला काय जाणवते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? परंतु मालिश करणाऱ्याने 'हाताला लागले' या सदराखाली "चकती सरकली आहे" असे लिहू नये. बोटांना चकती सरकलेली कळत नाही. बोटांना स्नायू ताठ झालेला कळतो. रोगाचे नाव ठेवणे हे डॉक्टरांचे काम. जे आढळले त्यापुढे जाऊन लिहिले की पुढचा वाचणारा त्या शब्दाच्या मागे धावतो आणि खरे कारण बाजूला राहते.

पाचवा मुद्दा न केलेल्या गोष्टींचा. "आज मालिश केले नाही, कारण अमुक", ही नोंद केलेल्या मालिशइतकीच महत्त्वाची. ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, अचानक आलेली सूज, यांपैकी काही दिसले आणि हात आवरला, तर तसे लिहावे. भाऊंच्या चिठ्ठीतील "मालिश केलेले नाही" हे तीन शब्द डॉक्टरांनी प्रथम वाचले होते.

सहावा मुद्दा वहीचा. दिवसाच्या क्रमाने लिहिलेली कीर्द पुरेशी नाही. प्रत्येक माणसाचे स्वतंत्र खाते हवे, म्हणजे खतावणी हवी. सोमवारच्या पानावर दहा जणांच्या नोंदी असतील तर एका माणसाचे तीन महिने जुळविताना कोणीही थकेल. नोंद त्याच दिवशी करावी, तारीख घालावी, खाली सही करावी. चूक झाल्यास खाडाखोड करू नये, पान फाडू नये. एक आडवी रेघ मारून दुरुस्ती लिहावी व सही करावी. रोखपालाला हे सांगावे लागत नाही. शरीराचा हिशेब रोकडीहून स्वस्त कसा समजावा?

आता थोडे आपल्या स्वतःच्या चुकीविषयी. आपल्या घरांतून बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावावयास येणाऱ्या बाई असतात. त्यांच्यापैकी कित्येक जणी एकाच घराच्या तीन-तीन पिढ्यांना न्हाऊ-माखू घालतात. त्यांची वही म्हणजे त्यांची स्मृती. आमच्या घरी अनेक वर्षांपूर्वी अशाच एक बाई येत. एके सकाळी नात्यातल्या एका तान्ह्या बाळाला तेल लावताना त्या म्हणाल्या, "ह्याची डावी मांडी उजवीसारखी उघडत नाही हो." त्या खोलीत घरातील चार वडीलधारी माणसे होती आणि मीही दारात उभा होतो. कोणी म्हणाले, होईल मोकळी. बाईंनी पुढे आठवडाभर अधिक तेल लावले. मग ते बाळ मामाच्या घरी गेले आणि बोलणे विसरले गेले. मूल चालू लागले तेव्हा एका पायाने लंगडू लागले. खुब्याचा सांधा जन्मापासून जागेवर नव्हता. पहिल्या काही महिन्यांत लक्षात आले तर पट्ट्यांच्या साध्या बंधनाने पुष्कळदा भागते. उशीर झाला की प्लास्टर आणि शस्त्रक्रिया. त्या मुलाला शस्त्रक्रियेतून जावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "हे कोणाच्या लक्षात कधी आले नव्हते का?" आले होते. एका निरक्षर बाईच्या हाताला ते दुसऱ्या महिन्यातच कळले होते. लिहिता येणारे आम्ही पाच जण तेथे होतो आणि आमच्यापैकी एकानेही ते वाक्य तारीख घालून कागदावर उतरविले नाही, की डॉक्टरांच्या कानावर घातले नाही. त्या बाईंना दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी आपले काम केले होते. लिहिण्याचे काम आमचे होते. मी त्या वेळी बँकेत दररोज शेकडो नोंदींवर सही करीत होतो, हे आठवले की आजही मान खाली जाते.

आपण ज्या मातीत राहतो, तिला नोंदीची सवय फार जुनी आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख दोन हजार वर्षे उभा आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांची संख्या त्यात अंकांत कोरलेली आहे आणि भारतातील प्राचीनतम अंकलेखनात त्याची गणना होते. जुन्नरच्याच लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. "पुष्कळ दान दिले" असे त्यांनी लिहिले असते तर आज आपल्याला काहीच कळले नसते. त्यांनी मोजून लिहिले, म्हणून कळते.

नोंद आली की तिच्या गुप्ततेची जबाबदारीही आली. बँकेत ग्राहकाच्या खात्याविषयी त्याच्या सख्ख्या भावालाही सांगता येत नाही. शरीराचे खाते त्याहून नाजूक. मालिश करणाऱ्याची वही दुसऱ्याच्या घरी ओट्यावर उघडी पडलेली असू नये. एका शेठच्या गुडघ्याची कथा दुसऱ्या शेठच्या दिवाणखान्यात रंगू नये. विशेषतः महिलांच्या बाबतीत हात लावण्यापूर्वी कुठे व कशासाठी हे सांगून संमती घ्यावी आणि ती घेतल्याचे लिहावे. त्याच वेळी ज्याचे शरीर, त्याला आपली नोंद मागण्याचा अधिकार असावा. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी २००२ च्या नियमावलीत रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचे आणि मागणी केल्यास बहात्तर तासांत देण्याचे बंधन घातलेले आहे. मालिश करणारा डॉक्टर नव्हे. परंतु चांगल्या व्यवसायाने हे माप स्वतःहून स्वीकारले तर त्याची प्रतिष्ठाच वाढेल.

यावर कोणी म्हणेल, पाच-सहाशे रुपये घेऊन तासभर तेल लावणाऱ्या माणसाकडून एवढी अपेक्षा करावी काय? त्याचे उत्तर आपल्याच हातात आहे. आपण व्यापारी माणसे. भाव करताना आपण तेलाचा आणि वेळेचा भाव करतो. लिहिण्याच्या दहा मिनिटांचा भाव कधी देतो काय? नारायणगावच्या त्या गृहस्थांना मी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "पुष्कळ घरी वही काढली की माणसे घड्याळ बघतात." मीही पहिल्या दिवशी घड्याळच पाहिले होते. जो लिहितो त्याला थोडे अधिक द्यावे आणि ते लिहिण्याबद्दल आहे हे त्याला सांगून द्यावे. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे बोलणे घरातल्या नातवाने लिहून घ्यावे. शाळेत जाणाऱ्या मुलाला हे काम पाच मिनिटांचे आहे आणि आजोबांच्या पाठीशी त्याचा तेवढाच परिचयही होतो.

भाऊंनी आता दुकानातल्या लाल कापडाच्या वह्यांपैकी एक कोरी वही घरी आणली आहे. पहिल्या पानावर, जेथे दरवर्षी पूजनाच्या दिवशी ते शुभ-लाभ लिहितात, तेथे त्यांनी या वेळी आपल्या दोन पोटऱ्यांचे माप लिहिले आहे. शेजारी वहिनींचे पान आहे. मालिश झाले की ते गृहस्थ सांगतात, भाऊ लिहितात आणि दोघेही खाली सही करतात. परवा मी गेलो तेव्हा भाऊंनी ती वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तपासणी अधिकारी आलेत, एकदा बघून घ्या." मी पाने उलटली. एका नोंदीत 'बरे आहे' एवढेच लिहिलेले होते. मी त्याखाली पेन्सिलीने खूण केली आणि वही परत दिली. भाऊ क्षणभर रागावले, मग हसले आणि त्यांनी चष्मा शोधण्यास सुरुवात केली.